मला कोण शिवलं

मी मागाच्या खड्ड्यात कलंडले होते आणि माझा नवरा फुलांचं ताट हातात धरून उभा होता.

आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या फळ्या पायानं दाबतो. त्या सकाळी मी बसल्या जागेवरून आत घसरले. खांदा भिंतीवर आपटला, डोकं ताणलेल्या सुतावर टेकलं. पायांवरून गरम धार चालली होती. बसायचं पोतं लाल झालं होतं. पडताना मी विणलेल्या साडीवर हात टाकला होता, तर कोशाच्या त्या पिवळट रेशमी कापडावर माझ्या पंजाचा ठसा उमटला होता.

सासू दारातून ओरडली, "शिवू नको तिले! तुही आंघोळ झाली हाये!"

नवरा एक पाऊल पुढे आला होता, तो थांबला. अंगावर ओला पंचा, हातात देवाचं ताट, ताटात जास्वंदीची फुलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं. तो फार वेळ उभा राहिला असं नाही. एक कांडी सुतानं भरायला लागतो तेवढाही वेळ गेला नसेल. पण तेवढ्यात मला कळलं की हा माणूस आला तर मी वाचेन आणि नाही आला तर याच खड्ड्यात मरेन.

हे का झालं ते सांगते.

आम्ही आंधळगावचे विणकर. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. माझी पंचेचाळिशी सरली होती. घरात आम्ही तिघंच: मी, नवरा, सासू. मुलीचं लग्न झालेलं. आमच्या घरची रीत अशी की बाईनं महिन्याचे चार दिवस मागच्या छपरीत बसायचं. त्या दिवसांत मागाला शिवायचं नाही, कोशाच्या धाग्याला नाही, पाण्याच्या गुंडाला नाही. सगळ्या विणकरांकडे असंच होतं असं मी म्हणत नाही. आमच्याकडे होतं. सासूच्या सासूपासून चालत आलेलं.

चार दिवसांचं मला काही वाटत नव्हतं. उलट आराम मिळायचा. पण त्या वर्षी माझे चार दिवस संपेचनात. आठ झाले, पंधरा झाले, महिना झाला. मी छपरीत. ताट सरकवून दिलं जाई. गावातल्या वैदूचं औषध घेतलं, मोहाडीच्या डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या. थांबायचं, चार दिवसांनी पुन्हा सुरू व्हायचं. कांड्या भरायला घरात कोणी नाही, सासूला बारीक दिसत नाही, माग अर्धा वेळ बंद. दुसरा महिना संपत आला तेव्हा मी एक दिवस डोक्यावरून पाणी घेतलं आणि घरात येऊन सांगितलं, "झालं. थांबलं."

थांबलं नव्हतं. मी खोटं बोलले. जाड कपडा बांधून मी मागावर बसू लागले. सात महिने तसंच चाललं.

वाईट काय वाटायचं ते सांगू? पाप केल्याचं नाही. रोज सकाळी नवरा मागाला हात जोडायचा आणि मग माझ्याकडे पाहून हसायचा, कारण घर परत सुरळीत चाललं होतं. त्या हसण्याची मला भीती वाटायची.

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आमचं एक गिऱ्हाईक होतं. तिचा नवरा कारखान्यात. बाई दक्षिणेकडची, केसाला भरपूर तेल, हिंदी माझ्याहून वाईट. कधी साडी घेई, कधी सलवारीचं कापड. मी भंडाऱ्याला बस बदलून गाठोडं घेऊन जायची. एकदा तिच्याकडे खुर्चीवर बसले आणि उठले तर खुर्चीला डाग. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पदरानं पुसायला वाकले तर तिनं माझा हात धरला.

"छोड़ो दीदी. मैं करती हूँ."

"नको बाई, तुमी शिवू नका त्याले."

तिला ते मराठी समजलं नाही. तिनं ओलं फडकं आणलं आणि पुसलं. मग साखर घातलेलं लिंबूपाणी दिलं. "डॉक्टर को दिखाओ," म्हणाली. मी हो म्हटलं. मी तेव्हा सगळ्यांनाच हो म्हणत होते.

निघताना तिनं कपाटातून एक छोटं जाड पुस्तक काढलं. "मराठी में है. चर्च में मिला था. मेरे को मराठी पढ़ना नहीं आता. आपको आता है?"

"चवथी पास हाये मी."

"तो बहुत हो गया."

ते येशूचं पुस्तक होतं. आमच्या घरात पोथी होती, ती नवरा वाचायचा. मी पुस्तक असं चौथीनंतर हातातच धरलं नव्हतं. घरी आणलं आणि मागाच्या खड्ड्यात, पोत्याखाली ठेवलं. तिथं कोणी हात घालत नसे. दुपारी सासू लवंडली, नवरा सूत आणायला गेला, की खड्ड्यात पाय सोडून बसायची आणि वाचायची. बोट ठेवून, अक्षरं जुळवत. जोडाक्षर आलं की थांबून दम घ्यायची.

पहिल्याच पानावर बापजाद्यांची लांबलचक नावं. ते मी सोडून दिलं. पुढं कळलं की एकाच माणसाची गोष्ट चार जणांनी चार वेळा सांगितली आहे. एकाला आठवतं ते दुसऱ्याला आठवत नाही. मला त्याचा राग नाही आला. खरोखर पाहिलेले लोक असंच सांगतात. खोटे साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून येतात.

दुसऱ्यानं सांगितलेली गोष्ट मला आवडली, कारण तो पाल्हाळ लावत नाही. त्यात हा येशू सारखा चालत असतो. कुठं कोणाच्या सासूला ताप आला तर तिचा हात धरून उठवतो. कोड झालेल्या माणसाला हात लावतो. दमतो. नावेत उशी घेऊन झोपून जातो, आणि बाकीचे बुडायला आले तरी याला जाग नाही. देव झोपतो हे मला पटलं नाही. पण माणूस पटला. आमच्याकडे बाजार करून आलेला माणूस असाच झोपतो.

मग त्या बाईची गोष्ट आली.

त्या बाईला बारा वर्षं रक्त जात होतं. हे वाचून मी बोट तिथंच ठेवलं आणि इकडंतिकडं पाहिलं, कोणी मागून वाचतं आहे का म्हणून. बारा वर्षं. मला तर अजून वर्षही झालं नव्हतं. तिनं सगळे वैद्य केले, असेल नसेल ते घातलं आणि दुखणं वाढलंच. ती गर्दीत त्याच्या मागून आली आणि त्याच्या कपड्याला शिवली.

आता हसा. मी वाचलं की तिनं कपडा शिवला. सुईदोऱ्यानं.

आम्ही कापडाची माणसं. कपडा आणि शिवणं म्हटलं की आम्हाला टाकाच दिसतो. मला वाटलं, गर्दीत कोणाचा पाय पडून याच्या झग्याचा काठ उसवला असेल. बाई आजारी, तिच्या हातचं कोणी खात नाही, पाणी पीत नाही. पण मागच्या मागं दोन टाके घालता येतील, कोणाला कळणार नाही, एवढं काम तरी आपल्या हातून व्हावं, असं तिला वाटलं असेल. मला ते फार बरोबर वाटलं. मी पण तेच करत होते ना, चोरून काम. फक्त चालत्या माणसाचा काठ शिवायचा म्हणजे सुई टोचणारच. म्हणून तो वळला असेल, असं मी धरलं. तीन-चार दिवस मी तसंच धरून होते.

पण पुढचं जुळेना. तो वळून विचारतो, मला कोण शिवलं? माणसाला कसं शिवणार? त्याचे सोबती म्हणतात, चारी बाजूंनी लोक अंगावर पडत आहेत आणि तू विचारतोस कोण शिवलं. मी ते तीनदा वाचलं. म्हटलं, पुस्तकच चुकीचं छापलं आहे.

तेवढ्यात दारात शेजारीण आली. सासूला जाग आली आणि तिनं पडल्या पडल्याच नेहमीसारखं म्हटलं, "अंदर येतं तं ये, पन अडचण असन तं मागाले शिवू नको वं."

बोट पानावर होतं. शब्द तोच होता.

टाका नाही. हे ते शिवणं. अकरा वर्षांची होते तेव्हापासून ऐकत आलेलं शिवणं. लोणच्याला शिवू नको, गुंडाला शिवू नको, मागाला शिवू नको. त्या बाईला कोणालाच शिवायची सोय नव्हती आणि ती त्याला शिवली. विचारून नाही. चोरून. माझ्यासारखी.

मी म्हटलं, आता हा तिला बोलणार. भर रस्त्यात, लोकांसमोर. सगळी गर्दी बाटली म्हणणार. मला पुढं वाचायचं नव्हतं. पुस्तक पोत्याखाली घातलं आणि माग चालवला. शेजारीण जाईपर्यंत चालवला. मग राहवेना म्हणून परत काढलं.

ती कापत पुढं आली आणि तिनं त्याला सगळं खरं सांगितलं. आणि तो तिला म्हणाला, मुली.

बोलला नाही. हाकललं नाही. मुली म्हणाला आणि म्हणाला, सुखानं जा. ती बाई बारा वर्षं आजारी, म्हणजे त्याच्याहून मोठीसुद्धा असेल वयानं. तरी मुली. माझा बाप वारल्यापासून मला त्या शब्दानं कोणी हाक मारली नव्हती. मी रडणारी बाई नाही. बाप गेला तेव्हाही कामच करत होते. पण त्या दुपारी मी खड्ड्यात पाय सोडून बसले आणि म्हटलं, "हे तुले कसं जमते रे?"

म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं, मी त्याला 'तू' म्हणाले.

नवऱ्याला मी आयुष्यभर 'तुमी' आणि 'जी' म्हटलं. इथं लिहिताना 'तो' लिहिते आहे, कारण आता जी म्हणायला तो समोर नाही. सासूला तुम्ही, दीराला तुम्ही. देवापुढं मी हात जोडायची, बोलायची काही नाही. तू म्हणायला समोर माणूस लागतं, आणि त्यानं आधी आपल्याकडे पाहिलेलं असावं लागतं. त्या दिवसापासून मी मागावर धोटा फेकता फेकता त्याच्याशी बोलू लागले. काय बोलायची? आज कंबर दुखते. धागा तुटतो आहे. बुडी सासू आज माझ्यावर खेकसली, पण तिचे डोळे अधू झाले आहेत, तू तिच्याकडे पण पाहा. उत्तर ऐकू यायचं असं मी सांगणार नाही. पण कोणी ऐकतं आहे की भिंत आहे, हे बोलणाऱ्याला कळतं.

एकदा नवऱ्यानं पकडलं. "कोनाशी बोलून राहिली वं?"

"धाग्याशी."

"धागा काय म्हनते मंग?"

"म्हनते, तुमच्या मालकाले म्हना लवकर जेवून घ्या."

हसला आणि गेला. मीही हसले, पण ते आणखी एक खोटं झालं. आणि आता खोटं जड जायला लागलं होतं. त्या बाईनं सगळं सांगितलं म्हणून तिला मुली ऐकायला मिळालं. चोरून शिवून गप निघून गेली असती तर बरी झाली असती, पण हाक ऐकू आली नसती. मी ठरवलं की नवऱ्याला सांगायचं. रोज ठरवायची. समोर आला की म्हणायची, चहा घेता का जी?

मग ती सकाळ आली. मी पुन्हा तिथंच येते.

तो ताट धरून उभा. सासू म्हणते, शिवू नको. माझे कान वाजत होते, डोळ्यांपुढं अंधारी. पण तोंड चालत होतं. मी म्हटलं, "थांबलंच नव्हतं जी. मी खोटं बोलली. सात महिने झाले. रोज मागाले शिवली मी. सगळं बाटवलं तुमचं."

सासूनं कपाळावर हात मारला. "आयकलं? आयकलं का तू?"

त्यानं ऐकलं होतं. त्यानं ताट ठेवायला जागा पाहिली. कोनाडा लांब होता, खाली रक्त होतं. मग त्यानं जे केलं ते कोणताही विणकर करत नाही. देवाचं ताट त्यानं ताणलेल्या सुतावर ठेवलं. धागे तटातट तुटले ते मी कानांनी ऐकलं. मग तो खड्ड्यात उतरला, माझ्या काखेत हात घातले आणि मला छातीशी धरून वर ओढलं.

मला तेव्हा नीट शुद्ध नव्हती. मी काय बोलले ते नंतर त्यानंच सांगितलं. मी म्हणाले, "मले कोन शिवलं?"

तो म्हणाला, "मी वं. मीच शिवलो."

सासू म्हणाली, "माय माय माय." आणि मग, "चादर तं टाक तिच्या अंगावर. तशीच नेतं का?"

शेजारच्याच्या जीपमध्ये घालून मला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी त्या बाईसारखी शिवून बरी झाले नाही, हे स्पष्ट लिहिते. मला रक्ताच्या बाटल्या चढवल्या, पोट फाडलं आणि पिशवी काढली. डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाली, आणखी दोन तास उशीर झाला असता तर ही वाचलीच नसती. त्यानं मान खाली घातली. मला म्हणाला, "मी उभा राहिलो होतो ना वं तिथं."

"हव. पन आले ना."

पुस्तक मी त्याच्याकडून मागवून घेतलं. खड्ड्यात पोत्याखाली आहे म्हटल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "हाच का तुहा धागा?"

खाटेवर पडून मी शेवटपर्यंत वाचलं. चौथ्यानं सांगितलेल्या गोष्टीतही त्याला खिळ्यांनी मारतात. ते मला वाचवत नव्हतं. ज्याला मी तू म्हणत होते त्याला मारत होते, आणि मी पान उलटायचीच थांबले होते. त्याच पानावर शिपाई त्याचे कपडे वाटून घेतात आणि त्याच्या अंगरख्यापाशी अडतात. त्या अंगरख्याला शिवणच नाही. वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला. म्हणून ते फाडत नाहीत.

"ऐका जी," मी म्हटलं, "याच्या अंगरख्याले शिवणच नाही म्हनते."

नवरा स्टुलावर बसून पेरू कापत होता. थांबला. "कसा नाही? बाजू जोडाच लागन."

"वरून खाली एकच विणला म्हनते."

त्यानं सुरी ठेवली. माझ्या चादरीवर बोटं फिरवू लागला. एक बोट वरून नेलं, खालून परत आणलं. पुन्हा वरून नेलं. "दोन थरांचा ताणा लागन. धोटा वरच्या थरातून जाईन आन खालच्यातून येईन. गोल बनते मंग, पिशवीवानी. लई मेहनत हाये." मग म्हणाला, "कोनं विणला?"

"लिहिलं नाही."

"मायनं विणला असन," तो म्हणाला. "दुसरं कोन करन एवढं?" आणि सुरी उचलून, "मंग फाडला नाही ना त्याहीनं?"

"नाही फाडला."

"बरं झालं," तो म्हणाला आणि पेरू कापू लागला.

मी हसले तर टाके दुखले. काठ उसवला असेल म्हणून बाईनं शिवला, असं मी धरून बसले होते. तिथं उसवायला काही नव्हतंच.

त्या साडीचं काय झालं तेही सांगते. सासू म्हणाली, जाळ. नवऱ्यानं जाळली नाही. तुटलेले धागे दोन दिवस बसून जोडले, आणखी थोडं विणलं आणि साडीऐवजी दुपट्टा काढून घेतला. पंजाचा ठसा धुऊन फिका झाला, गेला नाही. तो दुपट्टा तो लग्नाकार्याला खांद्यावर टाकायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, रंग लागला.

सासू शेवटची दोन वर्षं खाटेवर होती. तिला उठता येत नव्हतं, सगळं जागच्या जागी. मी साफ करायची. सुरुवातीला ती तोंड फिरवून घ्यायची. एकदा म्हणाली, "मले शिवायले घान नाही वाटत का वं तुले?"

"वाटते," मी म्हटलं. "पन करते."

मग ती दुपारी म्हणू लागली, ते शिवलीवाल्या बाईचं वाच. मी वाचायची. तिचे देव तिनं सोडले नाहीत, मीही तिला सोडा म्हटलं नाही. पण मुली आलं की दर वेळी विचारायची, "मुलीच म्हनला ना? का बाई म्हनला?"

"मुलीच म्हनला, आत्याबाई."

"हं," म्हणायची आणि डोळे मिटायची.

लोक मला विचारतात, तू धर्म बदलला का? मी म्हणते, माझी ओळख झाली. गावात त्याचं देऊळ नाही, मला इथून फार कुठं जाता येत नाही. पुस्तकाची पानं सुटली आहेत, मी दोऱ्यानं शिवून घेतली आहेत. आता चष्मा लावून, बोट ठेवून, तीच गोष्ट वाचते. जोडाक्षराला अजूनही थांबते. आणि सकाळी पहिलं बोलणं त्याच्याशीच होतं, तू म्हणून.

त्या सकाळी मागाच्या खोलीत आम्ही तिघं होतो. सासू गेली. सहा वर्षांनी नवरा गेला, दुपट्टा त्याच्यासोबत दिला. मी वाचले.